एका हाताचं भांडण

बाई बोलत होत्या म्हणून पडल्या. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बोलण्याच्या नादात पायरी चुकली असेल. तसं नव्हतं. बाई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायच्या आणि त्या शाळेत बोलणं म्हणजे हातांनी बोलणं. सहलीची बस होती. मुलं आपापल्या जागी बसलेली, बाई मधल्या वाटेत मुलांकडे तोंड करून उभ्या, आणि एका लबाड कोल्ह्याची गोष्ट ऐन रंगात आलेली. कोल्ह्याला दोन्ही हात लागत होते. डोक्यावर धरायला दांडा होता, पण तो धरायचा तर गोष्ट थांबवावी लागली असती. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तेव्हा बाई पाठमोऱ्या उडाल्या आणि पुढच्या लोखंडी कठड्यावर मानेने आदळल्या.

मुलांपैकी कुणाला साधं खरचटलंही नाही. बाईंची मान मोडली.

डॉक्टरांनी शर्थ केली. श्वास वाचला, आवाज वाचला, चेहरा वाचला. खांद्यांच्या खाली मात्र सगळं गप्प झालं. भेटायला येणारे उशाशी बसून म्हणायचे, "निदान वाचा तरी शाबूत राहिली, हे काय थोडं झालं?" बाई मान डोलावू शकत नव्हत्या, म्हणून डोळे मिटून हो म्हणायच्या आणि लोक गेले की छताकडे बघत हसायच्या. वाचाच तर गेली होती. घरात ज्याच्याशी बोलायचं, तो माणूस जन्माचा बहिरा होता.

बाईंचा नवरा सुतार. शाळेतले मोडके बाक दुरुस्त करायला आला होता, तेव्हाची ओळख. बाईंना स्वतःला चांगलं ऐकू यायचं, पण त्यांची आई बहिरी होती, त्यामुळे तोंडाने पहिला शब्द काढायच्या आधी बाई हातांनी दूध मागायला शिकल्या होत्या. सुताराने पहिल्याच दिवशी त्यांना बोलताना पाहिलं आणि हातातला रंधा खाली ठेवला. अशी घरंदाज खुणांची भाषा त्याने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. बाक दुरुस्त व्हायला मग जरुरीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. शाळेत सगळ्यांना ते कळत होतं, फक्त मुख्याध्यापकांना कळत नव्हतं.

खुणांच्या भाषेत माणसांना नावंही खुणांचीच असतात. बाईंची डावी भुवई बोलताना वर जायची, म्हणून करंगळी भुवईला टेकवली की ते बाईंचं नाव. सुताराचं नाव म्हणजे अंगठा बाकीच्या बोटांच्या टोकांवर हलकेच फिरवायचा. लाकूड गुळगुळीत झालं का हे तो तसं बघायचा म्हणून. ही दोन्ही नावं त्यांनी एकमेकांना ठेवली होती आणि लग्नानंतर दिवसभरात ती किती वेळा घेतली जात याला गणती नव्हती. अपघातानंतर एक नाव घेतलं जायचं. दुसरं घ्यायला हात नव्हते.

सुतार ओठ वाचायचा प्रयत्न करायचा. पण ओठ मोठे दगाबाज. प, ब आणि म, तिन्हीला ओठ सारखेच मिटतात. बाईंनी सूपमध्ये मीठ मागितलं की तो पिठाचा डबा घेऊन यायचा. एकदा बाई पुस्तक वाचत पडल्या होत्या, पुस्तक समोरच्या स्टँडवर लावलेलं. मान अवघडली म्हणून त्या "मान, मान" म्हणाल्या. सुतार लगबगीने उठला आणि त्याने पान उलटलं. त्या पुन्हा म्हणाल्या, त्याने पुन्हा उलटलं. असं करत करत प्रकरण संपलं, मान मात्र तशीच राहिली. त्या दिवशी दोघंही हसले. पण रोज रोज कोण हसणार?

फोन होता. बोललेलं लिहून दाखवायचा. पण सुतार लिहिलेलं वाचायचा ते परक्या मुलुखातली पाटी वाचावी तसं, एकेक शब्द चाचपत. मापं आणि हिशेब त्याला पटकन कळत, वाक्यं नाही. शिवाय फोन वाचायचा तर बाईंच्या तोंडावरची नजर काढावी लागे, आणि खुणांच्या भाषेत निम्मं बोलणं तर तोंडावरच असतं. आणि एक सोय त्या फोनमध्ये फार वाईट होती. नको ते वाचायची वेळ आली की तो खिशात घालता यायचा.

राहता राहिली बाईंची धाकटी बहीण. ती त्याच आईची लेक, तिला खुणा येत होत्या. संध्याकाळी कामावरून परस्पर ती यायची आणि ताई आणि भाऊजींच्या मधे बसायची. ताई तोंडाने बोलायची, धाकटी हातांनी सांगायची. पण धाकटीचा स्वभाव गोड. ताईने कितीही तिखट बोलावं, धाकटी त्यावर साय लावूनच पुढे सरकवायची. "त्याला सांग, गेले तीन दिवस तोंड फुगवून बसलाय ते पुरे झालं," असं ताई म्हणाली की धाकटीचे हात म्हणायचे, "ताईला तुमची काळजी वाटतेय." बाई पडल्या पडल्या ते हात बघायच्या आणि चरफडायच्या. अगं, मी असं कुठे म्हटलं? पण भांडायचं तरी कुणाशी? जिच्यामुळे दोन शब्द पोचत होते तिच्याशी?

अशा स्थितीत बाईंना ती बातमी कळली. त्या अजून इस्पितळात असतानाच सुताराने आपला कारखाना विकून टाकला होता. करवत, लेथ, लाकडाचा साठा, सगळं. घरी आणली ती फक्त पटाशांची पेटी. धाकटीनेच दबकत सांगितलं, "ताई, भाऊजी म्हणाले, तुझ्याजवळ कुणीतरी पूर्ण वेळ हवं."

"मला विचारलं का त्याने?"

"अगं, तू त्या वेळी..."

"मी त्या वेळी जिवंत होते."

धाकटीने हे वाक्य भाऊजींना सांगितलंच नाही.

सुताराने मग बायकोची सेवा केली ती अशी की शेजारपाजारच्यांनी बोटं तोंडात घालावीत. कूस बदलणं, आंघोळ, औषधं, भरवणं, सगळं वेळच्या वेळी. बाईंच्या अंगावर एक जखम होऊ दिली नाही. पण त्याच्या अंगाला येणारा ताज्या लाकडाचा वास गेला आणि जंतुनाशकाचा वास आला. चालताना तो खांदे पाडून चालू लागला. बाई हे बघत होत्या. बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

विद्यापीठाच्या इस्पितळातून विचारणा आली ती साधारण चौथ्या वर्षी. तिथे एक प्रयोग चालला होता. मेंदूचा जो भाग हाताला हुकूम देतो, तिथे केसाहून बारीक तारांच्या इवल्याशा पट्ट्या बसवायच्या, तिथले संदेश संगणकाला द्यायचे, आणि संगणकाने ते यंत्राच्या हाताला. समजावायला आलेली इंजिनिअर तरुण होती, केस कापलेले, बोलता बोलता पेनाचं टोपण चावायची.

"म्हणजे माझ्या मनातलं सगळं तुम्हाला कळणार?" बाईंनी पहिला प्रश्न हा विचारला.

"नाही हो बाई. मनातलं नाही. फक्त हाताला निघालेला निरोप. तुमचं डोकं अजून रोज निरोप पाठवतंय, पण मानेपाशी पूल तुटलाय. आम्ही निरोप निघतो तिथेच उचलतो आणि दुसऱ्या वाटेने नेतो."

"आणि वाटेत तुम्ही उघडून वाचता."

इंजिनिअर हसली. "वाचल्याशिवाय कुठे न्यायचा ते कसं कळणार?"

बाईंना ही मुलगी आवडली. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनबाईंनी धोके न लपवता सांगितले, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आणि काहीच उपयोग न होणं. सुताराचा विरोध होता. धाकटीमार्फत त्याने सर्जनबाईंना सांगितलं, "अंग गेलं, आता डोकं तरी राहू दे." या वेळी धाकटीने त्यावर साय लावली नाही. पण बाईंनी ठरवलं होतं, आणि ठरवायला त्यांना अजून कुणाचा हात लागत नव्हता.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. टाळूवर दोन लहान टोपणं आली, त्यांना तारा जोडायच्या. प्रयोगशाळेतला हात करड्या रंगाचा, पाच बोटांचा, टेबलाशेजारी एका खांबावर बसवलेला. सकाळी त्याला तासभर जुळवून घ्यावं लागे, कारण कालचे निरोप आणि आजचे निरोप अगदी तंतोतंत सारखे नसत. जरा काही बिनसलं की तो अडून बसे. त्यामुळे सगळे त्याला जावई म्हणू लागले. "जावई उठले का?" "आज जावयांची मर्जी काही बरी दिसत नाही." त्या एका हातामागे माणसं किती! मेंदूचे डॉक्टर वेगळे, तारा बनवणारे वेगळे, संगणकाला शिकवणारे वेगळे, बोटांचे सांधे घडवणारे वेगळे. एरवी ही मंडळी वेगवेगळ्या इमारतींत बसत आणि एकमेकांची भाषा त्यांना धड कळत नसे. "तुमची सगळ्यांची बैठक शेवटी माझ्याच डोक्यात भरली म्हणायची," बाई म्हणाल्या.

पहिलं काम होतं कप उचलायचं. आणि कप काही उचलला जाईना.

"मूठ मिटायचा विचार करा," इंजिनिअर सांगायची. बाई जीव तोडून विचार करायच्या. जावई थरथरायचा, अर्धवट मिटायचा, पुन्हा उघडायचा. जितका जोर लावावा तितका बिघाड. बाईंना रडू यायचं आणि नाक पुसायलाही दुसरं माणूस लागायचं, म्हणून त्या रडायच्या नाहीत.

इंजिनिअरला एक गोष्ट मात्र छळत होती. बाई काही करत नसत, नुसत्या ऐकत असत, तेव्हाच पडद्यावर निरोपांची झुंबड उडे. बोटांचे, मनगटाचे, भराभर बदलणारे. इतर कुणाच्या बाबतीत असं झालं नव्हतं. तिच्या वरिष्ठांनी सांगितलं, गोंगाट आहे तो, गाळून टाक. ती गाळायला बसली, आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं की गोंगाट तिच्या स्वतःच्या बोलण्याबरोबर चालू होतो आणि तिच्या बोलण्याबरोबर थांबतो. ती तशीच उठून बाईंकडे आली.

"बाई, मी बोलते तेव्हा तुम्ही मनातल्या मनात काय करता?"

"काही नाही. ऐकते."

"हातांनी ऐकता का?"

बाईंची भुवई वर गेली. मग त्यांना स्वतःलाच उमगलं. लहानपणापासून बाहेरच्या जगातलं बोलणं आईला हातांनी सांगायची सवय. दुकानदार काय म्हणाला, शेजारीण काय म्हणाली, डॉक्टर काय म्हणाले. पुढे शाळेत तेच, घरात तेच. कानावर पडलेलं प्रत्येक वाक्य हातांकडे जायचंच. हात पडले तरी वाक्यं जायची थांबली नव्हती. इतकी वर्षं ती वाटेतच पडून राहत होती.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "मी तर सतत बडबडतेय."

त्या दिवसापासून कपाचंही काम सोपं झालं, कारण बाईंनी मूठ मिटायचा नाद सोडला. खुणांच्या भाषेत "कप" म्हणताना हात जसा धरतात तसं त्या मनात नुसतं म्हणू लागल्या, आणि जावई मुकाट्याने कपाला धरू लागला. प्रयोगात ठरलेली कामं आटोपली की उरलेल्या वेळात खुणा शिकवायला वरिष्ठांनी परवानगी दिली. आधी साध्या, मग जराशा अवघड. हात एकच, त्यामुळे दोन हातांच्या खुणा अर्ध्यावर भागवाव्या लागत. पण त्यात बाईंना काही नवल वाटलं नाही. धाकटी तान्ही असताना आई तिला कडेवर घेऊन एकाच हाताने बोलायची, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. चेहरा तर बाईंकडे होताच. इतकी वर्षं त्यांच्याकडे नुसती चाल होती, आता शब्द येऊ लागले.

सुतार या काळात बाहेरच्या लांबलचक पडवीत बसून असायचा. बाईंनी सांगून ठेवलं होतं, मी म्हणेपर्यंत त्याला आत आणू नका. अर्धवट बोलून त्याला दाखवायचं नव्हतं. त्या बाबतीत त्या नवऱ्याच्याच वळणाच्या होत्या. पॉलिश झाल्याशिवाय तोही वस्तू दाखवत नसे.

मग एका सकाळी त्या म्हणाल्या, "बोलवा."

खोलीत त्या दिवशी जरा जास्तच माणसं जमली. सर्जनबाई मुद्दाम वेळ काढून आल्या. धाकटी रजा टाकून आली आणि दारात रुमाल हातात घेऊन उभी राहिली. सगळ्यांचा अंदाज एकच होता की आता काहीतरी हळवं घडणार. इंजिनिअरने कॅमेरा लावला. सुतार आत आला, टोपी काढली, टेबलापलीकडच्या खुर्चीत बसला आणि त्या करड्या हाताकडे त्याने कारागीर दुसऱ्याच्या कामाकडे बघतो तसं, सांधे निरखत, बघितलं.

हात उचलला गेला. अंगठा वळला आणि बाकीच्या बोटांच्या टोकांवरून हळूच फिरला.

सुतार जागच्या जागी थिजला. चार वर्षांत त्याला कुणी नावाने हाक मारली नव्हती. त्याने हाताकडे बघितलं, मग बायकोच्या तोंडाकडे. त्याचे डोळे भरून आले. दारात धाकटीने रुमाल डोळ्यांना लावला.

पुढचं वाक्य आलं तेव्हा सुताराचे डोळे भरलेलेच होते.

"कारखाना. विकलास. का?"

भुवई वर. प्रश्न होता, आणि साधा प्रश्न नव्हता.

सुताराने डोळे पुसले. त्याचे हात उठले. "आज हे कशाला?"

"आज हात आहे. का विकलास?"

"तुझ्याजवळ कोण बसणार होतं?"

"मला विचारलंस?"

"तू बेशुद्ध होतीस."

"खोटं. शुद्धीत होते. डॉक्टरांना विचारलंस. धाकटीला विचारलंस. मला नाही."

हात हळू चालत होता, मधेच अडत होता, काही खुणा अर्ध्याच निघत होत्या. पण चेहरा अडत नव्हता. बहिऱ्या माणसाकडे भांडण संपवायचा एक हुकमी उपाय असतो. तो डोळे मिटतो. डोळे मिटले की समोरचा कितीही बोलो, ते भिंतीशी बोलण्यासारखं. सुताराने टेबलावर हाताची घडी घातली आणि डोळे मिटून घेतले.

बाई क्षणभर नवऱ्याच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं याच ठिकाणी सगळं थांबत आलं होतं. मग करडा हात वर गेला आणि धाडकन टेबलावर आदळला.

कप उडाला, लवंडला, घरंगळत जमिनीवर पडला. इंजिनिअरचा हात लाल बटणाकडे गेला आणि तिथेच थबकला. टेबलाचा हादरा सुताराच्या कोपरांपर्यंत पोचला होता. त्याने दचकून डोळे उघडले. बहिऱ्यांच्या घरात टेबलावर थाप मारणं म्हणजे ओरडणं, आणि बायको आपल्यावर ओरडते आहे हे त्याला हाडापर्यंत कळलं.

"बघ माझ्याकडे!" बाई म्हणाल्या.

इंजिनिअरने खाली वाकून हळूच विचारलं, "बाई, रेकॉर्डिंग चालू ठेवू?"

"बंद करा," बाई तोंडाने म्हणाल्या. "हे घरचं आहे."

कॅमेरा बंद झाला. सर्जनबाई उठून बाहेर गेल्या. धाकटी दारातच उभी होती; तिला खुणा कळत होत्या, म्हणून तिने भिंतीकडे तोंड केलं. इंजिनिअरला बसणं भाग होतं, नाहीतर जावई बंद पडला असता, पण जावयाला शिकवलेल्या मोजक्या खुणांपलीकडे तिला काही कळत नव्हतं. तिने पडद्याकडे बघितलं. पडद्यावर असे स्वच्छ आणि जोरकस निरोप तिने आजवर कधी पाहिले नव्हते.

टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात. भांडण मात्र एका हाताने झालं, आणि चांगलं कडाक्याचं झालं.

"घरात एक आजारी पुरे होता," बाई म्हणाल्या. "तू दुसरा झालास."

"मी आजारी नाही."

"तुझ्या अंगाला लाकडाचा वास येत नाही. औषधाचा येतो."

सुताराचे हात एकदम वेगाने चालू लागले. तुला काय माहीत, मी काय सोडलं. तुला काय माहीत, ती करवत गाडीत चढवताना मला काय झालं. बाईंनी मधे तोडलं नाही. मग त्याचे हात थकून मांडीवर पडले, आणि थोड्या वेळाने पुन्हा उठले, या वेळी अगदी लहान लहान हालचालींत, कुजबुजल्यासारखे.

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"विकू नको."

"तेच. तू म्हणाली असतीस, विकू नको. आणि मला आनंद झाला असता. तू अशी पडलेली, आणि मला आनंद. त्याची मला भीती वाटली."

करडा हात टेबलावर उताणा पडून राहिला. पडद्यावरही शांत झालं, इतकं की इंजिनिअरला वाटलं, तार निसटली. तिने मान वर केली तेव्हा दोघं एकमेकांकडे नुसते बघत होते.

"वेडा आहेस," बाई शेवटी म्हणाल्या. ही खूण जावयाला शिकवलेली नव्हती. कशी जमली कोण जाणे.

घरी परतताना गाडीत सुतार एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही फुगलेलाच होता. धाकटी घाबरली. "ताई, आता कसं गं?" ताई म्हणाली, "अगं, फुगू दे. त्याच्याशी शेवटचं भांडले त्याला किती वर्षं झाली! मला आज कसं धुतल्यासारखं वाटतंय." आणि खरोखरच त्या दिवशी त्या जेवल्या नेहमीपेक्षा जास्त.

सुतार पुढच्या आठवड्यात एका जुन्या ओळखीच्या मिस्त्रीच्या कारखान्यात गेला. कोपऱ्यातली एक जागा आणि एक कामाचं टेबल मिळालं. सकाळच्या वेळेला बाईंसाठी एक परिचारिका येऊ लागली. मोठ्या आवाजाची, कडक शिस्तीची बाई. तिचं आणि बाईंचं पहिल्याच दिवशी खिडकी उघडी ठेवण्यावरून वाजलं, मग चांगलं जमलं. सुरुवातीला सुताराचा हात बसेना. रंधा लाकडात रुतायचा, सांधा ढिला राहायचा. संध्याकाळी तो चिडून घरी येई आणि सगळं बायकोला सांगे. बाईंना उलट बोलता येई ते फक्त प्रयोगशाळेच्या दिवशी. म्हणून त्या आठवडाभराची उत्तरं साठवून ठेवायच्या आणि तिथे बसल्या की घडाघडा द्यायच्या. अशा संसाराचीही सवय होते.

पुढे इंजिनिअर मंडळींनी व्हीलचेअरला बसवता येईल असा लहान हात तयार केला. तो घरी आला. तोवर एक वाईट बातमीही आली होती. डोक्यातल्या पट्ट्यांवर हळूहळू पापुद्रा धरत होता आणि निरोप दिवसेंदिवस पुसट येत होते. आधी बारीक खुणा गेल्या, मग बोटांनी अक्षरं काढणं गेलं. सुताराला मात्र बायकोचं अर्धं वाक्य पुरायचं, पाव वाक्यही पुरायचं. सर्जनबाई म्हणाल्या, पट्ट्या बदलता येतील, नव्या जातीच्या आल्यात, पण पुन्हा कवटी उघडावी लागेल. जोखीम तीच.

बाईंनी रात्रीच्या जेवणानंतर टेबलाशी बसून नवऱ्याला विचारलं, "तुला काय वाटतं?"

सुताराने समोरची ताटली बाजूला सारली. मग म्हणाला, "भीती वाटते."

"मलाही."

"मग?"

"मग काय, दोघं मिळून घाबरू."

दुसरी शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा अवघड गेली. बाईंना ताप आला, आठवडाभर त्या ग्लानीत होत्या. त्या दिवसांत सुतार उशाशी बसून होता, पण संध्याकाळी दोन तास कामावर जाऊन यायचा, कारण बाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं. ताप उतरला. नव्या पट्ट्यांनी पहिल्या महिन्यात दाद दिली नाही, आणि मग एका सकाळी परिचारिका खिडकीशी काहीतरी कुरकुरत असताना खुर्चीवरचा करडा हात आपोआप उठून ती कुरकुर शब्दाला शब्द सांगू लागला.

त्या वर्षी शाळेने बाईंना परत बोलावलं. आठवड्यातून एक तास, गोष्टींचा. बसमधली मुलं आता मोठी होऊन गेलेली, ही नवी होती. त्यांना त्या हाताचं अप्रूप दोन तास वाटलं. तिसऱ्या तासाला त्यांनी तक्रार केली की बाई फार हळू बोलतात. बाईंनी चेहऱ्याने कोल्हा केला, हाताने नुसती शेपटी, आणि वर्ग हसून हसून बाकांवर आडवा झाला.

मग एके दिवशी नव्या मुख्याध्यापिका वर्गाबाहेर थांबल्या होत्या. चेहरा गंभीर.

"बाई, एक सांगायचं होतं. पालकांच्या तक्रारी आल्यात."

"कसल्या?"

"मुलं घरी अशी बोलायला लागलीत." त्यांनी कोपर बरगडीला घट्ट चिकटवलं आणि मनगट टक् टक् फिरवत हात हलवला. "सगळा वर्ग. कोपर हलवतच नाही कुणी. एका आईने तर डॉक्टरांना दाखवलं."

बाईंना हसू आवरेना. मूल आईचे हेल उचलतं तसे मुलांनी यंत्राचे हेल उचलले होते. त्यांनी इंजिनिअरला फोन लावून सगळी हकीकत सांगितली. पलीकडून पेनाचं टोपण दातांखाली कटकन वाजल्याचा आवाज.

"कोपराचा सांधा ताठच आहे हो बाई. वजन कमी ठेवायला तसा केला होता."

"मग सैल कर बाई लवकर. माझ्यामुळे एक पिढी बिघडतेय."

इंजिनिअर शनिवारी घरी आली. सुतारही कामावरून लवकर परतला होता. तिने हात उघडून टेबलावर पसरला तसा तो शेजारी येऊन उभा राहिला, सांध्यात बोट घालून बघितलं आणि बायकोकडे वळून काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतात ते?" इंजिनिअरने विचारलं.

"म्हणतोय, चहा घेणार का. आणि म्हणतोय, हे आज एका दिवसात काही उरकत नाही, जेवूनच जा."

तिने पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढले आणि बाह्या दुमडल्या.